1961 सालचा आत्याचा जन्मदाखला नाशिक जिल्ह्यात कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की आत्या 1961 ची, सध्या कॅनडात मुलाकडे आहे, तिकडच्या कागदपत्रांसाठी जन्मदाखला हवाय, पण नाशिक शहरात तिच्या नावाने नोंद सापडत नाही. माझ्या मते दोन गोष्टी बदलून बघा: नाव आणि गाव.

आधी घरातल्या जुन्या माणसांना विचारा, आजीचं माहेर कुठलं? त्या काळी बाळंतपण, विशेषतः पहिलं, माहेरी व्हायचं, आणि नोंद जन्म झाला त्याच गावी होते. आजोबांचं घर पंचवटीत असलं तरी आत्याची नोंद निफाड किंवा सिन्नर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात असू शकते.

जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा महाराष्ट्रात 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. त्याआधीच्या खेड्यांतल्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे सगळे ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात. ग्रामपंचायतीत विचारा, पण खरा शोध तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात घ्यावा लागतो. 2023 साली कुणबी नोंदींसाठी हीच दप्तरं राज्यभर उलटली गेली, त्यामुळे नुसतं ‘कोतवाल बुक’ म्हटलं तरी खिडकीवर समजतं. तालुका मात्र जुना धरा. देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके 1999 साली झाले, म्हणून त्र्यंबक भागातलं गाव असेल तर नाशिक तहसीललाही विचारा, देवळ्याकडचं असेल तर कळवणला. जन्म शहरातलाच असेल तरी महापालिका 1982 ची आहे. त्याआधी नाशिक आणि नाशिकरोड-देवळालीच्या नगरपालिका वेगळ्या होत्या, आणि देवळाली कॅम्पचं कॅन्टोन्मेंट बोर्ड (लष्करी छावणीचा कारभार बघणारं) वेगळं होतं.

आता नावाचं. माझ्या आईची नोंद मला दिंडोरीला मिळाली. लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा, कडा झिजलेलं पान, बोरूसारखं जाड अक्षर. तारीख, ‘स्त्री’, वडिलांचं पूर्ण नाव, जात, आणि खबर देणाऱ्याच्या जागी आईच्या मामांचं नाव. बाळाचं नाव कोरं. बारशाआधीच खबर दिली जायची, मग नाव येणार कुठून? म्हणून अर्जात ‘अमुक यांची मुलगी’ असं आजोबांचं नाव ठळक लिहा, शेजारी आजीच्या माहेरच्या मंडळींची नावं द्या, आणि एका तारखेवर अडून न राहता 1959 ते 1963 अशी वर्षं तपासायला सांगा. आईची शाळेतली जन्मतारीख 1 जून होती, रजिस्टरमध्ये निघाली फेब्रुवारी. त्या पिढीत मास्तरांनी 1 जून लावलेली माणसं घरोघरी आहेत.

इथे एक कळकळीचं सांगणं. आत्याच्या पासपोर्टवर 1 जून असेल आणि नोंदीत वेगळी तारीख निघाली, तर तो कागद घाईने पुढे पाठवू नका. आधी तिच्या तिकडच्या कागदपत्रांचं काम बघणाऱ्या वकिलाला दाखवा. 1970 पूर्वीच्या जन्मासाठी शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरचा (मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीचा) उतारा आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं चालतात का, हेही त्याच वेळी विचारा. चालत असतील तर अर्धी पायपीट वाचेल.

नोंद मिळालीच नाही, तर ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला लेखी मागून घ्या. तोंडी उत्तरावर परत येऊ नका, कारण पुढे प्रत्येक टेबलावर तोच कागद मागतात. त्यानंतर विलंबित नोंदणीचा, म्हणजे जन्माची नोंद आता उशिराने करून घेण्याचा मार्ग आहे. कायद्यात बदल झाल्याने 1 ऑक्टोबर 2023 पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. महाराष्ट्रात 2025 पासून ही तपासणी बरीच कडक झाली आहे आणि नुसत्या आधार कार्डावर काम होत नाही. एजंट ‘आठवड्यात काढून देतो’ म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. असे दाखले पुढे रद्द होतात, आणि परदेशात बसलेल्या म्हाताऱ्या बाईला ते निस्तरणं फार जड जाईल.

अर्ज तुम्ही करणार असाल तर आत्याच्या सहीचं अधिकारपत्र मागवून घ्या, आणि तुमच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्याची प्रत जोडा. आजोबांचं नाव दोन्हीकडे सारखं दिसलं की नातं वेगळं सिद्ध करत बसावं लागत नाही. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.