यलोस्टोनमध्ये लांडगे आणि अस्वलं बघायची असतील तर

प्रिय,

अनेक आशीर्वाद. मेच्या अखेरीला अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरवलंस आणि हाताशी पाच दिवस आहेत, हे वाचून फार आनंद झाला. अस्वलं आणि लांडगे दोन्ही बघायचे तर याहून चांगला काळ सापडणं कठीण. रोज किती फिरावं असं तू विचारलंस. माझं सांगणं असं की फिरणं जितकं कमी करशील तितकं जास्त दिसेल. पार्क जवळजवळ 9,000 चौरस किलोमीटरचं आहे. पाच दिवसांत ते पालथं घालायला निघणाऱ्यांना रस्ते दिसतात, गाड्यांच्या रांगा दिसतात आणि काचेबाहेर बायसनची, म्हणजे तिथल्या गव्यासारख्या जनावराची, पाठ दिसते. पाचातले चार दिवस तरी उत्तरेच्या पट्ट्याला दे. गार्डिनरपासून कुक सिटीपर्यंत जो रस्ता जातो, त्यावरचं लामार खोरं हेच तुझं ठिकाण.

तिथेच का, ते सांगते. पार्कचा बराचसा भाग दाट सूचिपर्णी जंगलाचा आहे, त्यात पन्नास पावलांवरचं अस्वलही दिसत नाही. लामार मात्र उघडं, गवताचं आणि सेजब्रशच्या झुडपांचं रुंद खोरं आहे. उंची साधारण 2,000 मीटर, म्हणजे पार्कच्या मानाने कमी. म्हणून बर्फ लवकर वितळतं, चारा लवकर फुटतो, एल्क (मोठी हरणं) आणि बायसन तिथे जमतात, आणि त्यांच्या मागे शिकारी प्राणी. पार्कमधले शेवटचे लांडगे 1926 साली मारले गेले. पुढे 1995 आणि 1996 या दोन वर्षांत कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले, आणि 1995 च्या पहिल्या टोळ्यांना सोडण्याआधी ठेवलेली कुंपणं याच परिसरात होती.

आता वेळ. मेअखेरीला तिथे सूर्य साडेपाचच्या पुढे उगवतो. पाच वाजता तुझा स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवरची लांबचं बघायची दुर्बीण, उभा असायला हवा. गार्डिनरला मुक्काम असेल तर खोऱ्यात पोचायला तासभर धर, आणि अंधारात सावकाश चालव. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी 45 मैल आहे, पण काळा बायसन काळ्या डांबरावर उभा असेल तर तोही वेग जास्तच ठरतो. पहाटेचे पहिले तीन तास आणि संध्याकाळी सहानंतरचे तीन तास, एवढाच खरा कामाचा वेळ. मधल्या वेळात झोप काढ. लांडगेही तेच करतात.

सामानात पैसे कशावर खर्च करायचे याबद्दल माझं मत ठाम आहे: कॅमेऱ्यावर नाही, स्कोपवर. 8×42 किंवा 10×42 (म्हणजे 8 किंवा 10 पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण गळ्यात हवीच, पण लामारमध्ये लांडगा बहुतेक वेळा दीड ते तीन किलोमीटरवर असतो आणि तेवढ्या अंतरावर दुर्बिणीत तो ठिपकाच राहतो. 65 ते 85 मिलिमीटर भिंगाचा, 20 ते 60 पट मोठं दाखवणारा स्पॉटिंग स्कोप भाड्याने मिळाला तरी पुरे. ट्रायपॉड हलका घेतलास तर पस्तावशील, कारण खोऱ्यात वारा असतो आणि 40 पटींवर हाताचा स्पर्शही चित्र हलवतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नकोस, पाय पूर्ण फाकव आणि खाली पाठपिशवी टांग. शोधताना नेहमी 20 पटींवरच राहा. नवखे लोक थेट 60 वर जातात, मग चित्र अंधुक होतं, दिसणारा पट्टा चिंचोळा होतो आणि प्राणी हाती लागत नाही. सापडल्यावर हळूहळू वाढव. ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि पाण्याखालून बघावं तसं दिसतं. त्यावर महागडी काचही उपाय नाही, स्कोपचे पट कमी करायचे किंवा संध्याकाळपर्यंत थांबायचं. थंडीत श्वासाने काच धुरकटते, म्हणून डोळा लावलेला असताना श्वास खालच्या बाजूला सोड. पहाटे तापमान शून्याखाली जाऊ शकतं. पातळ हातमोज्यांवर जाड हातमोजे घाल, म्हणजे फोकस फिरवताना वरचेच काढावे लागतील.

बघण्याची पद्धत अशी. आधी नुसत्या डोळ्यांनी समोरचा उतार तीन आडव्या पट्ट्यांत वाटून घे: नदीकाठ, मधला सेजब्रशचा उतार, आणि झाडीची कडा. मग दुर्बीण लावून एकेक पट्टा डावीकडून उजवीकडे. दृश्य सरकवत राहू नकोस. थांब, चार-पाच सेकंद बघ, अर्धं दृश्य पुढे सरक, पुन्हा थांब. हलत्या दुर्बिणीत हललेलं काही दिसत नाही. आकार नको शोधूस, विसंगती शोध. खडकांना कान नसतात, आणि सगळीकडे उभ्या रेषा असताना एखादी आडवी रेषा दिसली तर ती बहुधा पाठ असते. एखादा तपकिरी दगड संशयास्पद वाटला तर तो कुठे आहे हे शेजारच्या झाडाशी जोडून लक्षात ठेव आणि दहा मिनिटांनी परत बघ. ग्रिझली, म्हणजे तिथलं मोठं तपकिरी अस्वल, मुळं किंवा घुशीसारखे छोटे प्राणी खणत असेल तर बराच वेळ एकाच जागी असतं. डोकं खाली, ढुंगण वर, खांदे आत-बाहेर होताहेत, आणि मागे ओल्या काळ्या मातीचा ढीग. लांबून आधी ती ताजी माती दिसते, अस्वल नंतर.

दुसरं, इतर प्राण्यांकडे बघ. एल्कचा कळप चरायचं थांबवून, माना ताठ करून एकाच दिशेला बघत असेल तर तूही त्या दिशेला बघ. प्रॉन्गहॉर्नची, म्हणजे तिथल्या काळविटासारख्या प्राण्याची, नजर फार लांबची असते, त्यांच्यावर विश्वास ठेव. कोयोटी, म्हणजे तिथले कोल्ह्यासारखे प्राणी, एकसारखे भुंकत असतील तर जवळपास लांडगा असण्याची शक्यता मोठी. आणि रेव्हन, म्हणजे तिथले मोठे डोमकावळे. पाच-सहा रेव्हन आणि दोन मॅगपाय (काळे-पांढरे, लांब शेपटीचे पक्षी) एका जागी वर-खाली करताहेत, जवळच्या झाडावर गरुड बसलाय, तर तिथे मेलेलं जनावर आहे असं समज आणि उरलेली सकाळ त्याच जागेसाठी राखून ठेव. पोट भरलेले लांडगे शिकारीपासून फार लांब जात नाहीत. सेजब्रशमध्ये आडवे होतात आणि मग तासन्‌तास एखादा कान हलताना दिसला तरी नशीब. अशा वेळी बहुतेक गाड्या कंटाळून निघून जातात. तू सँडविच काढ. लांडगे उठतील, आळस देतील, एकमेकांची तोंडं चाटतील, आणि ग्रिझली आलं तर शिकारीवरून जी ओढाताण होईल ती बघायला मिळेल.

मेच्या अखेरीपासून एल्कची पाडसं जन्मू लागतात. पहिले काही दिवस पाडस गवतात निपचित पडून राहतं आणि त्याला वास जवळजवळ नसतो. म्हणून अस्वलं या दिवसांत सेजब्रशच्या पट्ट्यातून नाक खाली घालून नागमोडी फिरताना दिसतात. ती नागमोडी चाल ओळखलीस की पुढचा अर्धा तास डोळा काढू नकोस. लांडग्यांची पिल्लं एप्रिलच्या मध्याला होतात, म्हणजे तू जाशील तेव्हा ती नुकती गुहेबाहेर येऊ लागलेली असतील. काही वर्षी लामारजवळच्या स्लू क्रीक या ओढ्याच्या बाजूला अशी गुहा रस्त्याजवळून स्कोपमधून दिसते. गुहेभोवतीचा भाग त्या काळात बंद ठेवतात. पाटी असेल तिथे एक पाऊलही पुढे नाही.

ओळख पटवताना रंगावर जाऊ नकोस. काळं अस्वल म्हणतात त्या दुसऱ्या जातीतली कितीतरी अस्वलं तपकिरी, अगदी पिवळसरसुद्धा असतात. ग्रिझलीच्या खांद्यावर वशिंड असतं, चेहरा बाजूने बघितला तर मध्ये खोलगट, कान लहान आणि गोल, पंजाची नखं लांब आणि फिकट. काळ्या अस्वलाला वशिंड नाही, चेहऱ्याची रेघ सरळ, कान उंच. चालताना ग्रिझलीचा सर्वात उंच भाग खांदा असतो, काळ्याचा पाठीचा मध्य किंवा ढुंगण. वशिंड कधीकधी उभं राहण्याच्या ढबीमुळे फसवतं, म्हणून दोन खुणा जुळल्याशिवाय नाव घेऊ नकोस. लांडगा आणि कोयोटी यांत घोटाळा सगळ्यांचाच होतो. कोयोटी 11 ते 16 किलोचा, टोकदार मोठे कान, निमुळतं तोंड, लगबगीची पावलं. लांडगा त्याच्या तिप्पट वजनाचा, लांब पायांचा, रुंद तोंडाचा, आणि चाल अशी सैल की अंतर कधी कापलं ते कळत नाही. आणि यलोस्टोनमधले जवळपास निम्मे लांडगे काळे आहेत. काळा दिसला तर शंका मिटलीच.

आता अंतराबद्दल, आणि हे मी मनापासून लिहिते आहे. नियम सोपा आहे: अस्वल आणि लांडग्यापासून 100 यार्ड, म्हणजे 91 मीटर, आणि बायसन, एल्क वगैरे प्राण्यांपासून 25 यार्ड, म्हणजे 23 मीटर. प्राणीच जवळ आला तर मागे सरकायचं काम तुझं. हात सरळ पुढे धर, एक डोळा मीट, अंगठा वर कर. अंगठ्याआड प्राणी पूर्ण झाकला नाही तर तू फार जवळ आहेस. पण 91 मीटर ही कायद्याची सीमा झाली, बघणाऱ्याची नव्हे. प्राण्याने मान वर करून तुझ्याकडे बघितलं, खाणं थांबवलं, वाट बदलली, तर तू त्याची सकाळ मोडलीस, आणि तुला जे बघायचं होतं तेही संपलं. किलोमीटरभरावरून स्कोपमधून बघशील तेव्हाच तो त्याच्या मर्जीने वागताना दिसेल. यात त्याच्या जिवाचाही प्रश्न आहे. माणसांना सरावलेला लांडगा पार्कची हद्द ओलांडतो तेव्हा पलीकडे शिकार कायदेशीर असते. 2021-22 च्या हंगामात यलोस्टोनच्या टोळ्यांतले 25 लांडगे असे हद्दीबाहेर मारले गेले. अस्वलाचं दुखणं अन्नाचं. माणसाचं खाणं एकदा मिळालं की ते पुन्हा येतं, धीट होतं, आणि शेवटी त्याला मारावं लागतं. म्हणून सफरचंदाचं सालसुद्धा गाडीबाहेर नाही. खाणं, टूथपेस्ट, रिकामे डबे सगळं गाडीत बंद किंवा छावणीवरच्या लोखंडी पेटीत.

लांडग्याची हाक काढून त्याला बोलावणं, रात्री प्रकाशझोत टाकून प्राणी शोधणं, ड्रोन उडवणं, हे सगळं तिथे बेकायदा आहे. कोणी करताना दिसलं तर गप्प बसू नकोस, रेंजरला, म्हणजे पार्कच्या रक्षकाला, सांग.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला रोखणारा तिखट फवारा, पायवाटेवर पाऊल टाकण्याआधी कमरेच्या पट्ट्यावर हवा, पिशवीत नको. अस्वल ताशी 55 किलोमीटरच्या आसपास धावतं, चेन उघडायला वेळ मिळत नाही. विमानात हा डबा चालत नाही, सामानातही नाही, त्यामुळे तिथेच घे आणि मुदतीची तारीख बघ. अंगठ्याने सुरक्षा-क्लिप मागे ओढायचा सराव आधी कर, सरावासाठी औषध नसलेले डबे मिळतात. धावून येणारं अस्वल साधारण 9 मीटरवर आलं की डब्याचं तोंड किंचित खाली ठेवून एक-दोन सेकंदांचा झोत मार, म्हणजे ढग त्याच्या वाटेत उभा राहील. डबा काही सेकंदांतच रिकामा होतो, म्हणून लांबून उधळू नकोस. हा फवारा तंबूवर किंवा अंगावर मारायचा नसतो. डबा उन्हात तापलेल्या गाडीतही ठेवू नकोस, फुटू शकतो. पळू नकोस, कधीच नाही. ग्रिझलीने गाठलंच तर पालथं पड, पाठपिशवी अंगावर राहू दे, बोटं गुंफून मान झाक आणि ते निघून जाईपर्यंत हलू नकोस. शक्यतो तिघांनी मिळून चाला आणि वळणांवर बोलत राहा. बहुतेक हल्ले अचानक समोरासमोर आल्यामुळे होतात.

तरी पार्कमध्ये सर्वात जास्त माणसांना जखमी करतो तो बायसन. तो गाईसारखा शांत दिसतो, तिथेच लोक फसतात. शेपटी उंच उभारली की तो चिडला आहे, तेव्हा गाडीत बस.

रस्त्यावर प्राणी दिसला की गाडी पुढच्या थांब्यापर्यंत ने. चारही चाकं पांढऱ्या रेघेच्या पलीकडे गेली पाहिजेत. दार हळू लाव आणि रिमोटचा पीप-पीप आवाज आधीच बंद करून ठेव. स्कोप लावलेल्या कोणाच्याही समोरून चालू नकोस. त्या रस्त्यावर वर्षानुवर्षं लांडगे बघणारी माणसं असतात आणि संशोधकही. थोडं थांबून नम्रपणे विचारलंस तर बहुतेक जण आपल्या स्कोपमधून बघू देतात. त्यांना काही दाखवायचं असेल तर “तिकडे” म्हणू नकोस. स्पेसिमेन रिज या डोंगरकड्यावरची अमुक बर्फाची पट्टी, तिच्या टोकाखालचं एकटं झाड, त्याच्या उजवीकडे दोन झाडांच्या रुंदीवर, असं सांग. त्यासाठी पहिल्याच दुपारी नकाशावरून आजूबाजूच्या डोंगरांची नावं पाठ कर.

पाचवा दिवस पार्कच्या मध्यातल्या हेडन खोऱ्याला दे, तिथे ग्रिझली चांगली दिसतात. उत्तरेच्या रस्त्यावरच्या टॉवर या ठिकाणाहून तिकडे जाणारी डनरेव्हन खिंड सहसा मेच्या अखेरीला उघडते, पण बर्फ जास्त असेल तर उशीर होतो. बंद असेल तर पश्चिमेकडच्या मॅमथ आणि नॉरिस या ठिकाणांवरून वळसा पडतो आणि पहाट हुकते. निघण्याच्या आदल्या रात्री रस्त्यांची स्थिती बघ, आणि नकाशे फोनवर आधीच उतरवून घे, खोऱ्यात बहुतेक जागी रेंज नसते. स्कोप ठरला की मॉडेल मला कळव, ट्रायपॉडचं डोकं त्याला पेलतं का ते बघून सांगते.

सप्रेम