खुर्च्यांचा वाद आणि दुसरी हीट

पत्र (थोडक्यात): आम्ही मूळचे कोल्हापूरचे, सात वर्षांपासून पोलंडमध्ये व्रोत्स्वाफला आहोत. मी आयटीत आहे. मुलगा तेरा वर्षांचा, सातवीत. शाळेतल्या मित्रांमुळे त्याला स्पीडवेचं, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींचं, वेड लागलंय. क्लबची एकही लढत चुकवत नाही. प्रत्येक वेळी कार्यक्रमपत्रिका विकत घेतो, पेनने एकेका हीटचे (शर्यतीचे) गुण भरतो. अशा पत्रिकांचा फडताळात ढीग झालाय. आता म्हणतो, 'मी रायडर होणार.' गेल्या वर्षी जागतिक स्पर्धेचा निकाल लागला तेव्हा दोन दिवस नीट जेवला नाही. ग्रांप्रीच्या, म्हणजे विश्वविजेता ठरवणाऱ्या मालिकेच्या, पंधरा जागांपैकी काही जागा शर्यती जिंकून नव्हे, तर समितीच्या मर्जीने भरतात, हे त्याच्याच तोंडून कळलं. त्यावर त्याचे मित्रांशी तासन्‌तास वाद चालतात. ज्या खेळात निवडच अशी होते, त्यात मुलाला पाठवावं का? हिला तर अपघाताची भीती वाटते. कृपया सांगा. (एक वडील)

---

नमस्कार,

पत्र वाचून आधी हसू आलं, मग जरा विचारात पडले. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, तिच्या गोष्टी तुमच्या घरी वडीलधाऱ्यांनी सांगितल्या असतीलच. तेव्हा ती माणसं आपल्याकडे आली होती, आता आपली पोरं तिकडे जाऊन त्यांच्या खेळावरून जेवण सोडतायत.

हे उत्तर इतर पालकही वाचतील, म्हणून खेळाबद्दल दोन ओळी. पोलिशमध्ये त्याला 'झुझेल' म्हणतात, म्हणजे भट्टीतली खंगर. पूर्वी ट्रॅकवर तीच पसरत. चार रायडर, चार फेऱ्या, एक मिनिटाच्या आसपास खेळ खलास. गाडी ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी. गिअर एकच, ब्रेक नाही. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, डाव्या बुटाला लावलेला पोलादी तळवा मातीवर टेकवायचा आणि हँडल उजवीकडे फिरवून डावीकडे वळायचं. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा.

आता मुलाच्या तक्रारीकडे वळते. ती खोटी नाही. ग्रांप्रीच्या कायम जागा तीन-चार वाटांनी भरतात. गेल्या हंगामातले वरचे काही जण आपोआप राहतात. युरोपियन विजेत्याला जागा मिळते. पात्रता फेऱ्यांतून वर आलेले सोळा जण एका संध्याकाळी 'चॅलेंज' खेळतात, त्यातल्या पहिल्या तीन-चारांना दार उघडतं. उरलेल्या चार-पाच खुर्च्या समिती स्वतःच्या निवडीने भरते, त्यांनाही वाइल्ड कार्डच म्हणतात. समितीची बाजू अशी, की एखादा मोठा रायडर हाड मोडून अर्धा हंगाम घरी बसला तर त्याला कायमचं बाहेर काढायचं का? आणि सगळ्याच जागा निव्वळ पात्रतेवर सोडल्या तर दोन-तीन देशांचेच लोक उरतील, बाकीच्या देशांत टीव्ही कोण लावणार? रसिकांची बाजूही तितकीच सरळ आहे: वर्षभर मागे पडूनही ज्याची खुर्ची शाबूत राहते, तो जीव तोडून गाडी का हाणेल? माझं मत विचाराल तर मी मुलाच्या बाजूने आहे. दुखापतीसाठी एक-दोन जागा ठीक, चार-पाच जास्तच होतात.

पण त्याला एक सांगा, हा वाद त्याच्या पिढीचा नाही. १९३६ साली लंडनला वेम्ब्लीवर पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली. त्या रात्री ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन पाचही शर्यती जिंकला, पंधरापैकी पंधरा गुण. तरी विश्वविजेता झाला लायनेल व्हॅन प्राग. कारण आधीच्या फेऱ्यांचे बोनस गुण धरायचे होते आणि त्या हिशेबात विल्किन्सन एका गुणाने मागे राहिला. आता २०२५ पाहा. ब्रेडी कर्ट्झ, हाही ऑस्ट्रेलियन आणि तुमच्याच व्रोत्स्वाफकडून लीग खेळणारा, शेवटच्या पाच ग्रांप्री ओळीने जिंकला. त्यातली एक तुमच्याच स्टेडियमवर. तरी बार्तोश झ्मार्झलिकने सहावं विजेतेपद घेतलं, तेही एका गुणाने. मुलाने जेवण का सोडलं ते आता ध्यानात आलं असेल. वेम्ब्लीवरच्या कुणा पोरानेही त्या रात्री ताट सरकवलं असणारच.

मधली जवळजवळ साठ वर्षं जागतिक विजेता एकाच रात्री ठरायचा. वर्षभराच्या पात्रता फेऱ्या, मग एक अंतिम स्पर्धा. तेव्हाही लोक म्हणायचे, ही लॉटरी आहे. १९७३ साली खोझूफला येझी श्चाकियेल जिंकला, पोलंडचा पहिला विश्वविजेता. निर्णायक शर्यतीत समोर आयव्हन माउगर होता, तो पडला. माउगरच्या नावावर एकूण सहा विजेतेपदं आहेत, श्चाकियेलच्या नावावर ती एकच. १९९५ पासून ग्रांप्रीची मालिका आली, लॉटरी गेली, खुर्च्यांचा वाद आला. कोणतीही पद्धत आणली तरी एका गुणाने हरणारा कुणीतरी असतोच.

आणखी दोन गोष्टी त्याच्या कानावर घाला. कर्ट्झला खुर्ची कुणी दिली नव्हती, तो चॅलेंज जिंकून आत आला. आणि झ्मार्झलिक २०१४ मध्ये गोझूफला फक्त त्या एका रात्रीपुरता वाइल्ड कार्ड म्हणून, म्हणजे आमंत्रणावर, उतरला होता; वय एकोणीस, घरचं मैदान, आणि ती ग्रांप्री जिंकून गेला. म्हणजे वाइल्ड कार्ड म्हटलं की लगेच वशिला असं समजू नये. एका रात्रीचं आमंत्रण वेगळं आणि वर्षभराची खुर्ची वेगळी. मित्रांशी वाद घालताना त्याने हा फरक धरला तर त्याचीच बाजू पक्की होईल.

हे सगळं खरं असलं, तरी तुमचा प्रश्न ग्रांप्रीचा नाहीच. जगात पंधरा जण तिथे असतात. बाकीच्यांचं पोट लीगवर चालतं, आणि लीगची पात्रता ही फार वेगळी गोष्ट आहे. तिच्याबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही, म्हणून इथे जरा थांबते.

मुलाच्या ढिगातली कोणतीही पत्रिका उघडा. पोलिश एक्स्त्रालीगाच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगच्या, लढतीत पंधरा हीट असतात. दुसरी हीट पाहा. तिच्यात चारही जण ज्युनिअर, म्हणजे एकवीस वर्षांच्या आतले. यादीतले सहा-सात आणि चौदा-पंधरा हे क्रमांक त्यांचे. प्रत्येक संघाला असे दोन ज्युनिअर उतरवावेच लागतात, आणि या जागा देशी, म्हणजे पोलिश, पोरांसाठी राखीव आहेत. पोलंडमधून एवढे रायडर का येतात, याचं उत्तर बऱ्याच अंशी या दोन ओळींत आहे. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला विश्वविजेत्याच्या संघातून, भरलेल्या स्टेडियमसमोर, नियमानेच उतरायला मिळतं. इंग्लंडमध्ये वेगळाच गुंता आहे. प्रत्येक रायडरच्या गुणांची सरासरी काढतात आणि संघाच्या सरासरीची बेरीज ठराविक मर्यादेत बसवावी लागते. पोरगा सुधारला, सरासरी वाढली, की पुढच्या वर्षी तो कुठल्याच संघाच्या हिशेबात बसत नाही! आपल्याकडे पगार वाढला म्हणून नोकरी गेली, असं म्हटल्यासारखं आहे ते.

तर तुमच्या मुलाचं भवितव्य समितीच्या खुर्च्यांवर ठरणार नाही. ठरलंच तर या दुसऱ्या हीटवर ठरेल. तो 'देशी' ठरतो का, हा पहिला प्रश्न. तुमचं तिथलं वास्तव्य कोणत्या प्रकारचं, त्याचं नागरिकत्व कोणतं, परवाना कोणत्या देशाच्या संघटनेचा निघेल, हे क्लबच्या कार्यालयात जाऊन विचारा. पोलंडमध्ये परवाना तिथली मोटर संघटना देते. लेखी परीक्षा असते, ट्रॅकवर चालवूनही दाखवावं लागतं. भारतात तो काढता येईल का, असं तुमच्या मनात आलं असेल. आपल्याकडच्या मोटर स्पोर्ट संघटनेचा आंतरराष्ट्रीय महासंघाशी संबंध आहे, पण स्पीडवेची स्पर्धा आपल्याकडे नाही. सुपरक्रॉस आहे, पुण्यात बालेवाडीला २०२४ मध्ये त्याची लीगही झाली. पण त्या गाडीला ब्रेक असतात, उड्या असतात. तो निराळा धंदा आहे. आणि कोइमतूरच्या 'कारी मोटर स्पीडवे'च्या नावावर जाऊ नका, तो डांबरी ट्रॅक आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा. रायडर क्लबचा पगारी नोकर नसतो, तो स्वतःच एक छोटा कारखाना असतो. गाड्या त्याच्या, इंजिनं त्याची, मेकॅनिक त्याचे, व्हॅन त्याची. करारावर सहीचे पैसे, मग गुणागणिक पैसे. गुण नाही तर कमाई नाही, खर्च मात्र चालूच. चांगला रायडर आठवड्याला दोन-तीन देश करतो: शुक्रवार-रविवार पोलंड, मंगळवारी स्वीडन, मधली रात्र व्हॅनमध्ये किंवा विमानतळावर. शनिवारी ग्रांप्री असेल तर तीही. प्रायोजकांशी करार कडक असतात. २०२३ मध्ये झ्मार्झलिकला डेन्मार्कमधल्या वोयेन्सच्या ग्रांप्रीतून बाहेर काढलं, ते सरावाला चुकीचा रेसिंग सूट घालून उतरला म्हणून. विजेतेपद हातचं जायची वेळ आली होती. पुढच्या फेरीत तोरुनला त्याने ते राखलं. तुमच्या मुलाने शाळेचा गणवेश कधी विसरला असेल तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.

तिसरा प्रश्न वहिनींचा, आणि तो मी हलका करून सांगणार नाही. २०१२ च्या मेमध्ये ली रिचर्डसन हा इंग्लिश रायडर तुमच्याच व्रोत्स्वाफच्या ट्रॅकवर पडला आणि त्याच दिवशी गेला. डार्सी वॉर्ड, खेळातला सगळ्यात गुणी पोरगा म्हणत, २०१५ मध्ये झिएलोना गुराला पडला. तेव्हापासून चाकाच्या खुर्चीवर आहे. आता वळणांवर हवा भरलेली कुंपणं असतात, शरीराला आवरणं असतात, तरी भीती शिल्लक राहतेच. 'काही होत नाही' असं वहिनींना म्हणू नका. आणि मुलाला 'आईला वाईट वाटेल' एवढ्यावर थांबवूही नका. या दोन घटना त्याला बहुधा माहीत असतील. त्याच्या तोंडून ऐका. तो त्या कशा सांगतो, यावरून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

वयाचं गणित सांगते. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी १९० सीसीची जागतिक स्पर्धा आहे, सगळ्यांना सारख्याच गाड्या. मग २५० सीसी. सोळाव्या वर्षापासून ५००. त्याच्या वयाची पोलिश पोरं कित्येक वर्षं मिनी गाड्यांवर घालवून बसली आहेत. उशीर झालाय, पण दार बंद नाही. या वर्षी सराव शिबिरात किंवा शिकाऊंच्या गटात जागा मिळाली तर घ्या. पुढचं अठरा महिन्यांनी बघू.

आणि त्या अठरा महिन्यांतच खरा निर्णय येतो, तो शाळेचा. आठवीनंतरची परीक्षा होईल, मग लिसेउम (सर्वसाधारण उच्च माध्यमिक शाळा) की तेखनिकुम (तांत्रिक शाळा) हे ठरवायचं. आपल्या मंडळींचा कल हमखास लिसेउमकडे असतो, पुढे संगणक. मी म्हणेन, या मुलासाठी पाच वर्षांच्या तेखनिकुमचा विचार करा, मेकॅट्रॉनिक्स किंवा वाहन तंत्रज्ञान. मातुरा, म्हणजे तिथली बारावीसारखी परीक्षा, तिथूनही देता येते, व्रोत्स्वाफचं पॉलिटेक्निक गावातच आहे. रायडर झाला तर स्वतःचं इंजिन स्वतःला कळेल. नाही झाला तर या खेळात इंजिन ट्यून करणाऱ्यांना जो मान आहे तो पुष्कळ रायडरांना नसतो. ट्रॅक बनवणारेही तसेच. २०१५ मध्ये वॉर्साच्या राष्ट्रीय स्टेडियमवर खास माती आणून ट्रॅक अंथरला, तो धड बसला नाही आणि ग्रांप्री बारा हीटनंतर थांबवावी लागली. पन्नास हजारांवर माणसं बसलेली असताना! त्या रात्री विश्वविजेत्यापेक्षा माती कळणाऱ्या माणसाची गरज जास्त होती. पंच, वेळ नोंदवणारे, तंत्रज्ञ हीही वाट आहे, आणि नियमांवर तासन्‌तास भांडणारा पोरगा पंचासाठी वाईट उमेदवार नाही.

क्लबच्या कार्यालयात जाण्याआधी घरी एक काम करा, त्याच्याकडूनच करून घ्या. फडताळातला तो ढीग खाली काढा. सगळ्यात जुनी पत्रिका घ्या, दुसऱ्या हीटमधली चार नावं वहीत लिहा. असं एकेक करत यावं, नाव परत आलं तर टाळू नये. मग प्रत्येक नावापुढे लिहायचं: हा आता कुठे आहे? एक्स्त्रालीगात, खालच्या लीगमध्ये, दुखापतीत, की गाडी सोडून दुसऱ्याच कामाला लागला? नेटवर बरंचसं सापडतं, उरलेलं शेजारी बसणाऱ्या आजोबांना विचारा, अशा स्टेडियमवर ते असतातच. ती वही भरली की तिचा फोटो मला पाठवा, आणि पुढचं पत्र त्याला स्वतःला लिहू द्या.