माल वाहणाऱ्या तीनचाकी सायकलचा पुढचा ब्रेक दाबला की किंचाळतो, काय करावं?

ब्रेकचे रबर बदलण्याआधी रिम साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडी करा आणि रबराचा चकचकीत झालेला थर पॉलिश पेपरनं घासून काढा. तेलकट रिमवर गुळगुळीत रबर नीट पकडत नाही, थरथरतं. तोच हा आवाज. रॉकेलनं पुसू नका, त्याचा तेलकटपणा मागे राहतो. तरीही किंचाळला तर रबर किंचित तिरकं बसवा: पुढचं टोक रिमला आधी टेकावं, मागे साधारण १ मिमी फट. कसताना मागच्या टोकाखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा धरला की जमतं. (ब्रेकवर तेल ओतून आवाज बंद करणारेही भेटतात, ब्रेकही बंद होतो!) मात्र खरखर धातूची असेल तर रबर संपलंय, भरलेली गाडी तशी चालवू नका.