कुत्र्या-मांजराला सीपीआर (म्हणजे हृदय-श्वास थांबल्यावर छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) द्यायला घरच्या घरी शिकता येतं का?

हो, येतं, आणि शिकाच. आमचा टायगर कोसळला तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. नाशिकमध्ये इंदिरानगरहून पंचवटीतल्या दवाखान्याकडे रिक्षा निघाली, द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकली, आणि मी मागे बसून त्याच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिलो. पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता.

नंतर त्याच डॉक्टरांनी मला शिकवलं, जुन्या टेडी बेअर खेळण्यावर. धडधाकट प्राण्यावर सराव कधीही करू नका; बरगड्या मोडू शकतात.

सगळ्यात अवघड असतं ते सुरुवात करणं. हाक मारली, हलवलं, तरी प्रतिसाद नाही आणि छातीही हलत नाही, एवढं 10-15 सेकंदांत पाहा आणि दाबायला लागा. नाडी शोधत बसू नका, घाबरलेल्या हाताला ती नीट कळत नाही. वायर चावून शॉक बसला असेल तर मात्र आधी मेन स्विच बंद, मगच हात लावा. तोंडात काही अडकलेलं दिसलं तर काढा.

प्राण्याला कुशीवर झोपवा. मांजर किंवा लहान पिल्लू असेल तर पुढच्या पायाच्या कोपरामागे एकाच हातात छाती धरा, एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं. लॅब्रेडॉरसारख्या मोठ्या कुत्र्याला दोन्ही हातांनी, कोपरं ताठ ठेवून, छातीच्या सर्वांत रुंद भागावर दाबा. डॉबरमनची छाती अरुंद आणि खोल, तिथे थेट हृदयावर. बुलडॉगला पाठीवर झोपवून छातीच्या मधोमध.

मिनिटाला 100 ते 120 दाब. कुशीवर असेल तर छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मं आत जायला हवं, पाठीवर असेल तर साधारण पाव. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. टेडीवर माझी हीच चूक सारखी होत होती. 30 दाबांनंतर तोंड हाताने मिटून, नाकावर तोंड ठेवून दोन श्वास, छाती फुगेल इतकेच. हात दोन मिनिटांत थकतात, मग माणूस बदला.

खरं सांगतो, दवाखान्यात सीपीआर दिलेले प्राणीसुद्धा थोडेच बरे होऊन घरी जातात. पण न दाबता तेवढीही आशा नसते.

रात्री उघडा असणारा दवाखाना आजच फोन करून विचारून ठेवा. आणि वेळ आलीच तर गाडी दुसऱ्याला चालवू द्या, तुम्ही मागे बसून दाबत राहा.