पार-१ च्या अँटिबॉडीबद्दल थोडं

अगं, ट्यूमरमध्ये पार-१ (PAR1, पेशीच्या पृष्ठभागावरचा एक रिसेप्टर) आहे का ते बघायला अँटिबॉडी (त्याला चिकटून तो दाखवणारं प्रथिन) मागवण्याआधी ती रिसेप्टरच्या कुठल्या तुकड्याला चिकटते ते बघ. थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं एन्झाइम) पार-१ ला ४१ व्या अमिनो आम्लानंतर, म्हणजे आर्जिनिननंतर, कापतं आणि बाहेरच्या टोकाचा तुकडा गळून जातो. स्पॅन-१२ ही अँटिबॉडी त्या कापाच्या जागेवरच बसते, म्हणून न कापलेला रिसेप्टरच दाखवते. अटॅप-२ ही अँटिबॉडी कापलेला आणि न कापलेला, दोन्ही दाखवते. मी सुरुवातीला हे न बघताच 'रिसेप्टर नाही' असं वहीत लिहून मोकळी झाले होते!

मानवी ऊतींच्या काचपट्टीवर आधी रक्तवाहिन्यांचं अस्तर अँटिबॉडीने रंगलंय का बघ, तिथे पार-१ असतोच. तिथेच कोरं असेल तर ट्यूमरबद्दल बोलूच नकोस. प्राथमिक अँटिबॉडीशिवायची (पार-१ ला चिकटणारी अँटिबॉडी न घातलेली) एक पट्टी ठेवच. आणि उंदराच्या प्लेटलेट्स पॉझिटिव्ह कंट्रोल (जिथे रंग यायलाच हवा असा नमुना) म्हणून घेऊ नकोस, त्यांच्यावर पार-१ नसतो.