'हे जुगारी नाहीत हो, फक्त रमी खेळतात'

माझ्याकडे नवऱ्याला मदतीसाठी घेऊन आलेल्या बाईंनी पहिल्या भेटीत हे वाक्य तीनदा सांगितलं. नवरा शेजारी मान खाली घालून बसलेला. मंगळसूत्र गहाण, तीन लोन ॲपांची कर्जं, मुलाची फी थकलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

जुगार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मटक्याचा अड्डा आणि पोलिसांची धाड येते. वेळेवर कामाला जाणारा, सुपारीलाही न शिवणारा माणूस त्यात कुठेच दिसत नाही. म्हणून घरच्यांना कळायला उशीर होतो.

"मॅडम, सुप्रीम कोर्टानंच रमीला कौशल्याचा खेळ म्हटलंय," ते म्हणाले. खरं आहे, 1967 चा निकाल आहे. पण कोर्टापुढे प्रश्न होता गुन्ह्याचा. माझ्यापुढे होता, रात्री दोन वाजता यांना थांबता येतं का, हा. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यानं तर कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणली. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हेही मी त्यांना सांगितलं, कारण पोलिसांच्या धास्तीनं माणसं मदत मागायचं टाळतात.

मग शब्द बाजूला ठेवून दोनच गोष्टी विचारल्या. लावायची रक्कम वाढवत न्यावीशी वाटते का? किती लावले, हे घरी खोटं सांगावं लागलं का? दुसऱ्या प्रश्नाला ते रडले. "गेलेले तेवढे वसूल झाले की बंदच करणार होतो."

हे 'वसूल' मला फार भिववतं. हरलेलं परत मिळवायला पुन्हा लावणं, ही या आजाराची ठळक खूण. होय, आजारच. 2013 पासून मानसोपचारातल्या वर्गीकरणात तो दारूसारख्या व्यसनांच्या रांगेत आहे.

त्यांच्या आई घरात "जुगारी मेला" म्हणत. त्यांना मी विनवलं, जे घडतंय त्याला जुगार जरूर म्हणा, पण मुलाला जुगारी म्हणू नका. पहिल्या शब्दानं उपचार सुरू होतात, दुसऱ्यानं माणूस लपायला लागतो. पगाराचं खातं काही महिने पत्नीकडे, कर्जांची यादी सगळ्यांसमोर, आणि कुणी गुपचूप कर्ज फेडायचं नाही, एवढं ठरलं. अडीअडचणीला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांकही दिला.

पाचव्या भेटीत ते आल्या आल्या म्हणाले, "परवा पुन्हा जुगार खेळलो. तीनशे गेले." मी बाईंकडे पाहिलं.

"मला त्याच रात्री सांगितलं यांनी," त्या म्हणाल्या.