कॉलेजच्या संगणक विभागाने कोणत्या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमना सपोर्ट द्यावा?

तुमच्या विभागात पाच प्राध्यापक पाच नावं घेताहेत (उबुंटू, डेबियन, फेडोरा, बॉस आणि एकाला चक्क फ्रीबीएसडी), आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपल्यामुळे निर्णय लांबवताही येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी फोंड्याच्या बाजूला एका कॉलेजात लॅब सांभाळतो, त्यामुळे हे उत्तर लॅबवाल्याचं समजा. दोनच ठेवा. लॅबमध्ये आणि सर्व्हरवर डेबियन, जीपीयूच्या (ग्राफिक्स कार्डवर जड गणितं करणाऱ्या) मशीनवर उबुंटू एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती. बाकी ज्याला जे हवं ते त्याने खुशाल वापरावं. वाय-फाय मिळेल, पण बिघडलं तर लॅब असिस्टंटला हाक मारायची नाही. हे विभागप्रमुखांच्या सहीने नोटीस बोर्डवर लावा. नाहीतर प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या दिवशी आर्च लिनक्स नावाची आणखी वेगळीच सिस्टीम टाकलेला एखादा मुलगा लॅपटॉप घेऊन दारात उभा राहणारच.

मी आधी अपडेट मिळण्याची शेवटची तारीख बघतो. फेडोरा उत्तम आहे, घरी मीही वापरतो, पण तिच्या एका आवृत्तीला जेमतेम १३ महिने अपडेट मिळतात. म्हणजे दरवर्षी सगळी लॅब उपसा. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आली. तीन वर्षं नेहमीचे अपडेट आणि पुढे दोन वर्षं एलटीएसचे धरले तर २०३० च्या मध्यापर्यंत निभावते. इंजिनीअरिंगची एक अख्खी बॅच त्यात बाहेर पडते.

तारीख कोण देतंय, हेही बघायला हवं. सर्व्हरवर चालणाऱ्या सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ संपताच ती बंद! ज्यांनी भरवशाने सर्व्हर तिच्यावर नेले होते, त्यांना रॉकी नाहीतर अल्मा या तिच्याच जातीच्या सिस्टीमची वाट धरावी लागली. डेबियनच्या मागे एकच एक मालक कंपनी नाही, याला माझ्या लेखी बरंच वजन आहे. तुमच्याकडे रेड हॅटच्या (सेंटओएसमागची कंपनी) पठडीत तयार झालेला माणूस असेल तर सर्व्हरवर अल्मा घ्या, माझी हरकत नाही.

मग सगळीकडे उबुंटूच का नको? लॅबमध्ये तिच्या स्नॅपशी, म्हणजे सॉफ्टवेअर पुरवण्याच्या तिच्या वेगळ्या पद्धतीशी, माझं जमत नाही. २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपमधून येतो. मुलांची होम डिरेक्टरी (प्रत्येकाच्या फायलींचा फोल्डर) सर्व्हरवर, नेहमीच्या जागेपेक्षा वेगळीकडे ठेवली की स्नॅप कुरकुर करतं. ते सुधारता येतं, पण वेगळं सेटिंग करत बसावं लागतं. शिवाय एका जुन्या पीसीवर ॲप्ट-कॅशर-एनजी (उतरवलेली पॅकेजेस साठवून वाटणारा प्रोग्राम) चढवून मी डेबियनची पॅकेजेस एकदाच उतरवतो आणि सगळी लॅब तिथून घेते. स्नॅप त्या वाटेने येत नाहीत. वाय-फायचं फर्मवेअर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) शोधत फिरण्याचा डेबियनचा जुना जाच १२ व्या आवृत्तीपासून संपला, ते इन्स्टॉलरमध्येच मिळतं.

जीपीयूच्या आणि रोबोटिक्सच्या मशीनवर मात्र हट्ट करू नका. रॉसची (रोबोटसाठीचं सॉफ्टवेअर) प्रत्येक आवृत्ती उबुंटूच्या ठरावीक एलटीएसला बांधलेली असते: हंबल २२.०४ ला, जॅझी २४.०४ ला. तिथे सॉफ्टवेअर मागेल ते द्यायचं.

बॉस सी-डॅक या सरकारी संस्थेची आहे, पण तिचाही पाया डेबियनच. स्वदेशीचा आग्रह वरून आला असेल तर गोष्ट वेगळी; नुसतं मराठी-कोंकणी टाइप करायचं असेल तर डेबियनवर आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम टाकून इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडला की काम होतं. फ्रीबीएसडीवाल्या (ती लिनक्सही नाही) सरांना एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच चालणारा आभासी संगणक, द्या. ऑपरेटिंग सिस्टीमच्या तासाला एक्सव्ही६ ही शिकवण्यासाठीची छोटी सिस्टीम शिकवणार असतील तर तीही क्यूईएमयूमध्ये (आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) डेबियनवरच चालते.

विंडोज ११ न झेपणारे तुमचे पीसी ४ जीबी रॅमचे असतील तर ग्नोम या जड डेस्कटॉपऐवजी हलका एक्सएफसीई घाला. अगदी पुरातन ३२-बिट मशीन मोडीत काढा, डेबियन १३ त्यांना इन्स्टॉलरच देत नाही. आणि हे सगळं मे महिन्यात उरका. पाऊस लागला की आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि अपडेटच्या मध्येच गेली तर डीपीकेजी (पॅकेजेस बसवणारा डेबियनचा प्रोग्राम) अर्धवट अडकतं. मग प्रत्येक मशीनपुढे बसून हाताने कन्फिगर करत राहायचं.